बोट निघाली, बेट राहिलं

कॅरिबियन समुद्रात एखाद्या वादळाचं बारसं झालं रे झालं, की क्रूझचं तिकीट काढलेल्यांचे फोन सुरू होतात. बेटावर कुणी करत नाही. ट्रॅव्हल एजंटला करतात.

'आमचं कोझुमेल होणार ना?'

होणार ना? कोझुमेल हे मेक्सिकोचं बेट आहे. तिथं लोक राहतात, पोरं शाळेत जातात, दुकानदार सकाळी शटर वर करतात. पण क्रूझच्या वेळापत्रकात बेट नुसतं असत नाही. ते 'होतं' किंवा 'हुकतं'. सकाळी आठ ते दुपारी चार. चारनंतर त्याचं काय होतं, हे बघायला थांबलंय कोण?

२०२४ चंच घ्या. जूनच्या अखेरीस अटलांटिकमध्ये 'बेरिल' उठलं. १ जुलैला ते ग्रेनडा देशातल्या कॅरिआकू बेटावर आदळलं, ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्यानिशी. अर्ध्या तासात बेट भुईसपाट झालं, असं तिथले पंतप्रधान डिकन मिचेल यांनी सांगितलं. त्याच रात्री वादळ पाचव्या श्रेणीत गेलं. वर्षात इतक्या लवकर ही श्रेणी गाठणारं अटलांटिकमधलं नोंदीतलं पहिलंच वादळ. हवामानशास्त्रज्ञ हादरले.

क्रूझवाल्यांना स्नॉर्केलिंगसाठी आगाऊ भरलेल्या पैशांची काळजी लागली.

बरं, वादळ काय न सांगता येतं? अटलांटिकचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्याचा कळस १० सप्टेंबरच्या सुमारास. ही तारीख काही सरकारी गुपित नाही. जुलैत माथेरानला जाऊन पावसाची तक्रार करणाऱ्याला आपण जे म्हणतो, तेच इथं म्हणायचं. फक्त डॉलरमध्ये.

सप्टेंबरची क्रूझ स्वस्त का असते? अमेरिकेतल्या शाळा सुरू झालेल्या असतात, हे एक कारण. दुसरं आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून गरगरत येत असतं. सवलत घेताना मात्र पहिलंच कारण आठवतं.

तिकीट काढताना मिटलेले हे डोळे निघायच्या आठवड्यात टक्क उघडतात. मग घरातला प्रत्येक जण हवामानतज्ज्ञ. मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राची बुलेटिनं पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच आणि रात्री अकराला निघतात. वादळ जवळ आलं की मधेमधेही. ज्यांनी आयुष्यात कधी पहाटेचा गजर लावला नाही, ते पाचला उठून बसतात.

नकाशावर पांढरा कोन दिसतो. आपलं बेट कोनाच्या आत की बाहेर, एवढंच बघायचं. बाहेर? सुटलो!

सुटलो कसले? तो कोन वादळाचा आकार दाखवत नाही. वादळाचा मध्य कुठून जाईल, याचा तो अंदाज. तोही मागच्या पाच वर्षांच्या चुका मोजून काढलेला, म्हणजे वादळ कुठलंही असो, त्या हंगामात कोनाची रुंदी ठरलेलीच. मध्य कोनाच्या आत राहतो तो साधारण तीनातल्या दोन वेळा. तिसऱ्या वेळी? तिसऱ्या वेळी तुमचं बेट.

कोनानं समाधान झालं नाही, तर स्पॅगेटी आहेच. वेगवेगळ्या मॉडेलांच्या वीस-पंचवीस रंगीत रेघा, एकमेकींत गुंतलेल्या. एक मेक्सिकोला जाते, एक टेक्ससला, एक भलतीकडेच. यातली विश्वासार्ह रेघ ओळखायची कशी? सोपं आहे. जी कोझुमेलला चुकवते ती.

एवढा अभ्यास प्रवासाच्या करारनाम्याचा केला असता, तर फोन वाचला असता. त्यात सगळं लिहिलेलं असतं. कंपनी कुठलंही बंदर गाळू शकते, बदलू शकते, क्रम उलटा करू शकते. नुकसानभरपाई नाही. पूर्व कॅरिबियनचं तिकीट काढून पश्चिम कॅरिबियन बघून आलेली माणसं थोडीथोडकी नाहीत. तुम्ही बेटाचं तिकीट काढलंय असं वाटतं तुम्हाला. काढलेलं असतं ते बोटीचं.

बंदर हुकलं तर तिकिटातलं परत काय मिळतं? बंदराचे कर आणि शुल्क. बहुधा तेही हातात नाही, बोटीवरच्या खात्यात जमा. खर्च कुठं करायचे? बोटीवरच. एका पेल्यात जमैका संपतं.

आता गंमत बघा. बोट बंदराला लागली की बहुतेक ठिकाणी तिच्यावरचा कॅसिनो आणि करमुक्त दुकानं बंद ठेवावी लागतात. बंदर हुकलं की दोन्ही उघडी. पाच हजार माणसं, जायला जागा नाही, खिशात स्नॉर्केलिंगचे परत आलेले डॉलर. वादळात कुणाचं काय बुडतं सांगता येत नाही. कॅसिनो बुडालेला ऐकला नाही.

'पण बोट सुरक्षित आहे ना?' हा दुसरा फोन. आहे हो, आहे. मोठी क्रूझ ताशी ४० किलोमीटरच्या आसपास पळते, वादळ सहसा त्याच्या निम्म्या वेगानं चालतं. कॅप्टनला दिवसचे दिवस आधी इशारा मिळतो. एका बड्या कंपनीनं तर स्वतःचा हवामानतज्ज्ञच पगारावर ठेवलाय. दहा-वीस मजली हॉटेल उचलून पाचशे किलोमीटर बाजूला ठेवायची सोय फक्त याच धंद्यात आहे.

बेटावरच्या हॉटेलला ती नाही.

तिथल्या नावाड्यालाही नाही. डायव्हिंगची बोट त्यानं ट्रेलरवर घालून आत गल्लीत आणलेली, खिडक्यांना प्लायवूड ठोकलेलं, बायकोपोरं निवाऱ्याच्या शाळेत. अशात त्याचा फोन वाजतो. 'बोट येत नाहीये आमची. आगाऊ भरलेले पैसे परत कधी करताय?'

आणि तो करतोही. करतो, म्हणून पाच तारे मिळतात.

ग्रँड केमनची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं क्रूझला धक्काच नाही. बोट खोल पाण्यात नांगर टाकते आणि माणसं छोट्या होड्यांतून किनाऱ्याला जातात. वादळ चारशे किलोमीटर लांब असलं, तरी लाटा फुगल्या की होडी बोटीच्या दारापाशी मीटर-दीड मीटर वरखाली होते. कॅप्टन दोन मिनिटं बघतो आणि माईक उचलतो. वर डेकवर निरभ्र ऊन, समोर किनारा, हातात टॉवेल. 'वादळ कुठंय? आम्हाला तर दिसत नाही!' हाच प्रवासी कॅप्टननं होडीत बसवला असता, तर वकिलाचा नंबर शोधत असता.

बोट पळते, तेव्हा जरा तिच्या पाठीमागे बघा. नावाच्या खाली नोंदणीचं बंदर रंगवलेलं असतं. कितीतरी बड्या बोटींवर तिथं 'नासाऊ' असं लिहिलेलं असतं. नासाऊ म्हणजे बहामाची राजधानी. कंपनीचं ऑफिस फ्लोरिडात, प्रवासी ओहायोचे, नोंदणी बहामाची, कारण तिथले कायदे आणि कर सोयीचे. २०१९ मध्ये 'डोरियन' बहामावर आलं आणि ग्रँड बहामा बेटावर दिवसाहून जास्त वेळ ठाण मांडून बसलं. बहामाचा झेंडा लावलेल्या बोटी तेव्हा काय करत होत्या?

बहामा टाळत होत्या. झेंड्यासकट.

न्यायानं बोलायचं तर दुसरी बाजूही आहे. त्याच डोरियननंतर एका क्रूझनं फ्रीपोर्टहून हजारावर माणसं फ्लोरिडाला नेली. २०१७ मध्ये 'इर्मा' आणि 'मारिया'नंतर 'अ‍ॅडव्हेंचर ऑफ द सीज' या बोटीची ठरलेली सहल रद्द करून ती प्वेर्तो रिको आणि व्हर्जिन बेटांवरच्या लोकांना आणायला पाठवली गेली. म्हणजे बोटीला उलटं वळता येतं. वळायचं ठरवलं तर.

आणि बोटीवर फक्त प्रवासीच असतात का? सासष्टीपासून सिंधुदुर्गापर्यंत कितीतरी घरांत 'तो बोटीवर असतो' एवढ्या तीन शब्दांत एका माणसाचा पत्ता संपतो. केबिन आवरणारा, बुफे भरणारा, इंजिनात उतरणारा. सहा-आठ महिन्यांचा करार. बंदराच्या दिवशी ड्युटीतून सुटलेले दोन-तीन तास हीच त्याची रजा. जमिनीवर पाय, घरी पैसे, बायकोला निवांत व्हिडिओ कॉल. बंदर हुकलं की हे तिन्ही हुकतं. वर पाच हजार माणसं दुपारी जेवायला बोटीवरच. 'आमची सुट्टी वाया गेली' हे तो त्या दिवशी कितीदा ऐकतो? हसत ऐकतो. हसण्याचा पगार त्यात धरलेला असतो.

ऑक्टोबर १९९८. 'मिच' वादळ. 'फँटोम' नावाची शिडाची क्रूझ. कंपनीनं प्रवाशांना बेलीझमध्ये उतरवलं आणि बोट वाचवायला समुद्रात धाडली. वादळानं दिशा बदलली. ३१ खलाशांसह बोट गेली ती गेलीच. प्रवासी एकूण एक सुखरूप घरी पोहोचले.

हवामान अंदाज तेव्हापासून खूप सुधारले. उतरायचं कुणी आणि थांबायचं कुणी, हा क्रम तोच आहे.

'मग विमा काढू का?' हा तिसरा फोन. काढा की! पण वादळाला नाव पडायच्या आधी. नाव पडलं की विमा कंपनीच्या भाषेत ते 'ठाऊक असलेलं संकट' होतं आणि ठाऊक असलेल्या संकटाचा विमा मिळत नाही. 'कोणत्याही कारणानं रद्द' असं एक महागडं कलम असतं. तेही तिकिटाची पहिली रक्कम भरल्यावर दोन-तीन आठवड्यांत घ्यावं लागतं आणि पूर्ण पैसे देत नाही. थोडक्यात, छत्री मिळेल. पाऊस पडत नसताना मागा.

आता बेरिलचं पुढचं ऐका. जमैका, केमन, कोझुमेल ही बंदरं वेळापत्रकांतून पटापट गळाली. ५ जुलैला वादळ तुलुमजवळ मेक्सिकोत शिरलं, जोर बराच कमी झालेला. कोझुमेलनं अंग झटकलं आणि ते कामाला लागलं. क्रूझवाले हळहळले, 'अरेरे, उगाच हुकलं!'

वादळ तिथंच संपलं असतं, तर सदर इथंच संपलं असतं. ते मेक्सिकोचं आखात ओलांडून ८ जुलैला टेक्ससच्या किनाऱ्यावर चढलं. तिथून थेट ह्यूस्टन. वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. कुणाची दोन दिवस, कुणाची आठवड्याहून जास्त. ऐन जुलैत, एसीशिवाय.

आणि कोझुमेलच्या कितीतरी क्रूझ सुटतात कुठून? गॅल्व्हस्टनहून. ह्यूस्टनपासून तासाभराच्या अंतरावर.

ह्यूस्टनमध्ये मराठी घरं काही कमी नाहीत. समजा, त्यातलंच एक कुटुंब त्या आठवड्यात समुद्रावर होतं. साताऱ्याहून आईचा फोन. 'अरे, तिकडं वादळ आलंय म्हणे?' 'आई, आम्ही बोटीवर मजेत आहोत गं. फक्त कोझुमेल गेलं.' 'ते जाऊ दे. घराचं काय?'

घराचं काय? हा प्रश्न आठवडाभर कुठल्याच बुलेटिनला विचारला नव्हता. फ्रीजरमध्ये आईनं मे महिन्यात येऊन करून ठेवलेल्या पुरणपोळ्या होत्या. कोनात बेट शोधणाऱ्यांनी आपली गल्ली शोधलीच नव्हती. तासाला ४० किलोमीटर पळणारी बोट भाड्यानं मिळते. घर मिळत नाही तसं.

म्हणून काय क्रूझला जायचंच नाही? जा की! सप्टेंबरमध्येही जा. स्वस्त आहे, जेवण बरं आहे. फक्त करारनामा वाचा, विमा वेळेत घ्या आणि बंदर हुकलं तर केबिन आवरणाऱ्या पोऱ्यावर ओरडू नका. वाऱ्याची दिशा तो ठरवत नाही. टॉवेल दुमडून केबिनच्या कोपऱ्यात हंस तेवढा तो करतो.

आणि हो, वादळ गेल्यावर जा. तेव्हाच खरी गरज असते. बोट लागली तरच बेटाला माणशी कर मिळतो, टॅक्सी चालते, वेण्या घालणारीला गिऱ्हाईक मिळतं. पण तेव्हा नेमका चौथा फोन येतो. 'तिथं आता बघण्यासारखं काही उरलंय का हो?'

त्यातूनही काही जण जातातच. छप्पर उडालेल्या दुकानात ताडपत्रीखाली उभे राहतात, पंधरा डॉलरचा टी-शर्ट उलटसुलट करून बघतात आणि म्हणतात, 'दहाला देणार का?'

तिकिटात मिळाली तेवढी सवलत पुरली नाही वाटतं!