'पूर्णतः तात्पुरत्या' जागेस

प्रिय जागे,



तुझी, म्हणजे प्रकल्पातल्या सहा महिन्यांच्या जेआरएफच्या (कनिष्ठ संशोधकाच्या) जागेची, जाहिरात वाचली. एम.एस्सी.ला साठ टक्के, नेट उत्तीर्ण, वय अठ्ठावीसच्या आत. इथवर आपले छान जमत होते. पुढे 'इष्ट पात्रता' आली. अमुकच जातीच्या शेवाळावर काम, तमुकच यंत्र हाताळल्याचा अनुभव. आई म्हणाली, "हा सदरा कुणाचे तरी माप घेऊनच शिवलाय." आईला शेवाळातले काही कळत नाही, शिवणातले कळते.

तरी आले. साडेनऊची हजेरी म्हणून भोपाळच्या अशोका गार्डनहून सातलाच निघाले. जबलपूर-ग्वाल्हेरची मुले तर रात्रभर गाडीत बसून आली होती. येण्याजाण्याचा खर्च मिळणार नाही, हे तू ठळक अक्षरांत आधीच सांगितलेस. तेवढा प्रामाणिकपणा मान्य. माझी मुलाखत चार मिनिटे चालली. त्यातली दोन आडनाव नीट उच्चारण्यात गेली. बाहेर रजिस्टरवर आमच्या सह्या घेणारा, आत चहा नेणारा, कुठले साहेब कुठल्या खोलीत बसतात ते सांगणारा मुलगा सगळ्यात शेवटी स्वतःच आत गेला. तोही उमेदवार होता! तुझे माप त्याचेच. आधीच्या प्रकल्पापासून तिथेच आहे म्हणे.

नागपूरचे मामा म्हणतात, घरी राहूनच पीएच.डी. कर की, भोपाळात काय कमी आहे? कमी काहीच नाही. 2008 पासून आयसर आहे (आता भौंरीला), 1981 पासून एम्प्री आहे, शिवाय एम्स, मॅनिट, बरकतउल्ला विद्यापीठ. इथे मातीवर संशोधन होते, माती उकरणाऱ्या अवजारांवरही होते. फक्त प्रत्येक संस्थेचा अर्ज वेगळा, तारखा वेगळ्या आणि मार्गदर्शकाकडे जागा शिल्लक आहे की नाही, हे त्यांनी मेलला उत्तर दिले तरच कळणार. भाजीवाले काका मात्र न चुकता विचारतात, "बिटिया, अभी भी पढ़ रही हो?"

1 जानेवारी 2023 पासून तू दरमहा 31,000 रुपयांची 37,000 ची झालीस, वर घरभाडे भत्ता. अभिनंदन. ते पैसे हातात कोणत्या महिन्यात पडतात, हे जाहिरातीत नव्हते. पीएच.डी.च्या नोंदणीची हमी नाही, हे मात्र होते.

आता माझ्या अटी. तुझ्यावरचे माझे प्रेम पूर्णतः तात्पुरते असून निधी संपताच आपोआप संपुष्टात येईल. त्यावर तुला कायमचा हक्क सांगता येणार नाही. कोणतेही कारण न देता ते मागे घेण्याचा अधिकार मी राखून ठेवते. याबाबत पत्रव्यवहार केला जाणार नाही.

तुझीच (सहा महिन्यांपुरती),
एक इच्छुक उमेदवार

ता.क. त्या मुलावर माझा राग नाही. सहीसाठी त्याने स्वतःचे पेन दिले होते, ते माझ्याकडेच राहिले. सहा महिन्यांनी तोही कुठल्यातरी रांगेत भेटेलच, तेव्हा परत करीन.