मांजर चार पायांवरच राहू दे

२७ फेब्रुवारीला आमच्या घरात दोन सण एकदम येतात. सकाळी मराठी भाषा गौरव दिन आणि संध्याकाळी पोकेमॉन दिन. कुसुमाग्रज १९१२ साली या तारखेला जन्मले आणि पोकेमॉनचे पहिले दोन खेळ, रेड आणि ग्रीन, १९९६ साली याच तारखेला जपानात विक्रीला आले. यात दोघांपैकी कोणाचाच दोष नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारपर्यंत ज्ञानेश्वर आणि चुकीच्या वेलांट्या सुखाने एकत्र नांदतात, आणि संध्याकाळ झाली की दादा, त्याचा मुलगा, न्यू जर्सीचा मावसभाऊ आणि मी असे चौघे दुसऱ्या ग्रुपवर पळतो. तिथे गौरव वगैरे काही होत नाही. तिथे खेळ बनवणाऱ्यांचा उद्धार होतो.

२०२२ साली ही तारीख रविवारी आली होती. संध्याकाळी साडेसातला नव्या खेळांची झलक दाखवली गेली. नावं स्कार्लेट आणि व्हायोलेट, येणार त्याच वर्षाअखेर, आणि मालिकेच्या मुख्य खेळांत पहिल्यांदाच सगळं जग मोकळं. म्हणजे अमक्या गावानंतरच तमकं गाव, हे झुडूप कापल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही जुनी शाळामास्तरी शिस्त रद्द. ज्या बातमीची चाहते वर्षानुवर्षं वाट पाहत होते ती हीच. तरी आमच्या ग्रुपवर पहिला संदेश आला भाच्याचा, आणि त्यात जगाचं नावही नव्हतं.

"आत्या, ते मांजर दोन पायांवर उभं राहणार नाही ना?"

बाहेरच्या माणसाला हे प्रकरण जरा फोड करून सांगावं लागतं. प्रत्येक खेळाच्या सुरुवातीला तीन पिल्लं समोर ठेवतात, एक गवताचं, एक आगीचं, एक पाण्याचं. त्यातलं एक तुम्ही निवडायचं आणि वाढवायचं. या वेळी स्प्रिगाटिटो नावाचं हिरवं मांजर होतं, फ्युकोको नावाची लाल, जराशी मंद दिसणारी मगर होती, आणि केसांचा व्यवस्थित कोंबडा काढलेलं क्वॅक्सली हे बदक होतं. ही पिल्लं पुढे दोनदा रूप बदलतात, आणि खरी भीती तिथेच. २०१६ साली लिटन नावाचं असंच एक गोड काळं मांजर आलं होतं. लोकांनी त्याला मांडीवर वाढवलं. मोठं होऊन ते दोन पायांवर उभं राहिलं आणि कमरेला आगीचा पट्टा असलेला कुस्तीगीर झालं. तेव्हापासून मांजरप्रेमी मंडळींचा कोणावरच विश्वास उरलेला नाही. त्यामुळे स्प्रिगाटिटोचं तोंड दिसल्यापासून जगभर एकच मागणं सुरू झालं, की बाकी काहीही करा, हे मांजर चार पायांवर राहू दे. लोकांनी तशी चित्रं काढली, चार पायांची मोठी रूपं स्वतःच रंगवून दाखवली. जणू चित्र पाहून कोणाचं तरी मन द्रवेल.

आई पलीकडे शेंगा सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पण ते मांजर उभं राहिलं तर तुमच्या घरी येऊन दूध पिणार आहे का?"

या प्रश्नाला आजतागायत कोणत्याही चाहत्याकडे उत्तर नाही.

मांजर हा एक मुद्दा झाला. एकूण अपेक्षांची यादी वाचली की मला वधू-वर सूचक मंडळाचा फॉर्म आठवतो. मुलगी नोकरी करणारी हवी पण सहाला घरी हवी, आधुनिक हवी पण संस्कारी हवी, पुण्यातलीच हवी पण परदेशी जायची तयारी हवी. मावसभावाने त्या रात्री (त्याच्याकडे सकाळ होती, म्हणून हुरूप जास्त) टाकलेली यादी याच घराण्यातली होती. खेळ संपूर्ण नवा हवा आणि लहानपणी होता अगदी तसा हवा. कठीण हवा, पण भाच्याला जमायला हवा. जग प्रचंड हवं, पण रिकामं नको. घाई नको, वेळ घेऊन बनवा, पण नोव्हेंबर चुकवू नका. आणि आजवरचा एकूण एक पोकेमॉन त्यात हवा.

या शेवटच्या ओळीमागे जुनी जखम आहे. जून २०१९ मध्ये निर्माते जुनिची मासुदा यांनी जाहीर केलं होतं की येणाऱ्या सोर्ड आणि शील्ड या खेळांत सगळे पोकेमॉन नसतील. तोवर आकडा आठशेच्या वर गेला होता. इतक्यांना नव्याने घडवायचं, हलवायचं, एकमेकांशी तोलून धरायचं, हे माणसांचं काम आहे हो. पण चाहत्यांच्या दुनियेत जो सुतकी गोंधळ उडाला त्याला तोड नव्हती. कोणी खेळातल्या एका झाडाचं चित्र काढून ते झेल्डा या दुसऱ्या खेळमालिकेतल्या १९९८ सालच्या झाडाशेजारी लावलं आणि वनखात्याच्या थाटात चौकशी चालवली. आमच्या दादाला दुःख झालं ते पिजीचं. पिजी म्हणजे त्या जगातलं सर्वसाधारण कबुतर, पहिल्या खेळापासून दर गवतात भेटणारं. ते सोर्ड-शील्डमध्ये नाही म्हटल्यावर दादा दोन दिवस गप्प होता. याच दादाने ठाण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीला कबुतरं येऊ नयेत म्हणून पदरचे पैसे खर्चून जाळी बसवली आहे.

मोकळ्या जगाच्या बाबतीत मात्र चाहत्यांना बिघडवलं २०१७च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ने. झेल्डा मालिकेच्या त्या खेळात दिसेल त्या डोंगरावर चढता येत होतं, आणि तो पोकेमॉन चालतो त्याच, निन्टेंडो कंपनीच्या स्विच यंत्रावर चालत होता. म्हणजे यंत्राला जमत नाही हे कारण कायमचं बाद. तेव्हापासून प्रत्येक पोकेमॉनप्रेमी डोंगर पाहिला की विचारतो, यावर चढता येतं का?

त्या फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ माझ्या मते खेळापेक्षा रंगतदार गेला. कोड्यांतून बातम्या फोडणारे लोक असतात. ते एक शब्द टाकून जायचे आणि चाहते त्याचा वेदांतासारखा अर्थ लावत बसायचे. झलकांमधल्या भिंतींवरची चित्रंसुद्धा सुटली नाहीत. नवा प्रदेश पाल्डिया हा स्पेन आणि पोर्तुगालवरून घेतला आहे एवढं कळल्यावर प्रत्येकाने गुगलवरून त्या देशांचा अभ्यास सुरू केला. दादाला स्पेनचा इतिहास शाळेत कधी पस्तीस मार्कांपुढे जमला नव्हता. आता तो जेवताना ऑलिव्हच्या शेतीबद्दल बोलू लागला.

मग जूनच्या १ तारखेला दुसरी झलक आली. त्यात कोराइडॉन आणि मिराइडॉन हे दोन भव्य जीव दिसले. कोराइडॉनच्या छातीवर सरळसरळ चाक! यावर बसून फिरायचं हे उघड होतं, पण चाक फिरणार कसं यावर आमच्याकडे जी तांत्रिक चर्चा झाली तेवढी दादाने स्वतःची गाडी घेताना केली नव्हती. (पुढे कळलं की कोराइडॉन चाक छातीशी धरतो आणि पायांनी पळतो.) पण त्या दिवशी बाजी मारली ती एका डुकराने. लेचॉन्क नावाचं काळसर, गोलमटोल डुक्कर काही सेकंद दिसलं, आणि जग त्या भव्य जिवांना विसरून त्याच्या पायाशी लोळलं. डुकराकडून कोणाची काही अपेक्षाच नव्हती. माझ्या मते त्याच्या यशाचं सगळं इंगित तेवढंच.

१८ नोव्हेंबरला, शुक्रवारी, खेळ आले. निन्टेंडो आपलं यंत्र भारतात रीतसर विकत नसल्यामुळे आमच्याकडे या गोष्टी कोणाच्या तरी बॅगेत, पापड-लोणच्याच्या उलट दिशेने प्रवास करत येतात. त्यामुळे पहिले दोन दिवस आम्ही मावसभावाच्या तोंडून खेळ ऐकला. रेडिओवरची क्रिकेट कॉमेंट्री ऐकल्यासारखा.

मांजर उभं राहिलं. नुसतं उभं राहिलं नाही, मिआउस्कराडा नावाचा मुखवटा घालणारा जादूगार झालं, फुलाचे बॉम्ब फेकणारा. बदक पिसारा फुलवून नाचू लागलं. आणि जिच्याविषयी कोणी काहीच मागितलं नव्हतं, जी लहानपणी चांगली दोन पायांवर ठुमकत होती, ती मगर मोठी होऊन चार पायांवर आली. जगभरच्या लोकांचा नवस पोचला होता. पत्ता तेवढा चुकला.

बाकीच्या यादीचंही असंच झालं. जग खरोखर मोकळं होतं, डोंगरावर चढताही येत होतं. पण हव्या त्या क्रमाने जा म्हटलं तरी प्रत्येक गावच्या जिममधला, म्हणजे पोकेमॉनच्या आखाड्यातला गडी आपल्या ठरलेल्या ताकदीवर ठाम बसलेला. तुम्ही उत्साहाने आधी लांबच्या गावाला गेलात तर तो तुम्हाला लोळवणार. नंतर जवळच्या गावी आलात तर तिथला बिचारा एका फुंकरीत पडणार. दुकानांत शिरायला गेलं तर बहुतेक ठिकाणी आत खोलीच नाही, दारातच यादी हातात. आणि तांत्रिक गोंधळ तर असा, की खेळणाऱ्यांनी जमिनीतून आरपार पडणाऱ्या माणसांच्या चित्रफिती जगाला दाखवल्या. दूरवरची पवनचक्की सरकारी फायलीच्या गतीने, एक एक पातं थांबत थांबत फिरायची. वर्गात मागच्या बाकावरची मुलं तशीच हलायची. निदान ते तरी वास्तवाला धरून होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला निन्टेंडोने दुरुस्ती पाठवली आणि सोबत गैरसोयीबद्दल माफीही मागितली.

एवढं सगळं झाल्यावर किती लोकांनी पाठ फिरवली असेल? पहिल्या तीन दिवसांत जगभर एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या. मावसभावाने भरचौकात या खेळाची लक्तरं काढली, आणि ती काढता यावीत म्हणून दोन्ही आवृत्त्या घेतल्या. मिआउस्कराडाला शिव्या देणारा भाचा महिन्याभरात त्याच्याशिवाय घराबाहेर पडेना.

मला यात ढोंग दिसत नाही. ही माणसं पहिल्यापासून अशीच आहेत. १९९६च्या त्या पहिल्या खेळात एका बंदरावर एक ट्रक उभा होता. कारण काहीच नाही, नुसता ट्रक. सगळ्या खेळात तसा दुसरा नव्हता. झालं, जगभरच्या शाळांतून बातमी पसरली की त्या ट्रकखाली म्यू हा सगळ्यांत दुर्मिळ पोकेमॉन लपलेला आहे. पोरांनी ट्रकला धक्के मारले, त्यासाठी खेळ पहिल्यापासून सुरू केले, ज्याला जमलं त्याच्या चुलतभावाची साक्ष काढली. ट्रकखाली काही नव्हतं. गंमत म्हणजे म्यू खेळात खरोखरच होता. शिगेकी मोरिमोतो या कारागिराने काम संपता संपता, चाचणीची साधनं काढल्यावर उरलेल्या चिमूटभर जागेत त्याला गुपचूप कोंबला होता. फक्त तो ट्रकखाली नव्हता. जे आहे ते शोधायला मजा येतेच, पण जे नाही त्यासाठी ट्रक ढकलायचा उत्साह काही वेगळाच असतो, आणि तो कुठल्याही कंपनीला बनवून विकता येत नाही.

त्यामुळे पुढच्या खेळाची घोषणा झाली तेव्हा मी निर्धास्त होते. तारीख अर्थातच २७ फेब्रुवारी, साल २०२४, नाव 'लेजेंड्स झेड-ए'. मोठं जग रिकामं वाटतं म्हणून जे लोक ओरडले होते त्यांच्यासमोर आता सगळा खेळ एकाच शहरात ठेवला होता, लुमिओसमध्ये. ग्रुपवर तासाभरात निकाल लागला. एकच शहर? आम्ही काय घरात बसायचं? ऑक्टोबर २०२५ मध्ये खेळ आला तेव्हा भाच्याने इमारतींजवळ जाऊन पाहिलं आणि खिडक्या-गॅलऱ्या सपाट भिंतीवर नुसत्या रंगवल्या आहेत, असा पंचनामा पाठवला. दादाने विचारलं, "म्हणजे कबुतरं बसणार कुठे?"

मावसभावाची तक्रार मात्र सगळ्यांहून गंभीर होती. स्कार्लेट-व्हायोलेटसारखी जोडी या वेळी काढलेलीच नाही, खेळ एकच आहे. निषेध म्हणून दुसरी आवृत्ती घ्यायची सोयच ठेवलेली नाही, म्हणाला.