'पाच सेकंदां'च्या जनकास अनावृत पत्र

प्रति,
'पुढचा चित्रपट ५ सेकंदांत' ही ओटीटीवरची सोय ज्यांच्या सुपीक डोक्यातून निघाली ते गृहस्थ (किंवा बाई),



परवा रात्री आमच्याकडे 'सैराट' लावला होता. सासूबाईंनी तो पाहिलेला नव्हता. २०१६ साली अख्खा महाराष्ट्र त्याच्या गाण्यांवर नाचत होता, तेव्हा त्या "टीव्हीवर येईलच की" म्हणून घरी राहिल्या आणि टीव्हीवर आला तेव्हा जाहिरातींना कंटाळून झोपल्या. परवा मात्र शेवटपर्यंत बसल्या. शेवट तुम्हाला ठाऊक असेलच. किंवा नसेलही, तुमच्या धंद्यात शेवट बघायची पद्धत नाही. नायक-नायिकेचं पोर रक्ताची पावलं उमटवत चालू लागतं. त्याचं रडणं दिसतं, ऐकू मात्र येत नाही. नागराज मंजुळेंनी तिथला आवाजच काढून घेतलाय. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, माझ्याकडे वळल्या आणि काहीतरी बोलणार, तेवढ्यात पडदा आकसून कोपऱ्यात गेला आणि ढोल-ताशे सुरू झाले. 'तुम्ही सैराट पाहिलात, आता हेही आवडेल: रोमँटिक, हलकंफुलकं.' पाच, चार, तीन... मला रिमोट सापडेपर्यंत एक नवरदेव घोड्यावरून पडला होता. सासूबाई उठल्या, "मटकी भिजत घालायची राहिली" म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या काय बोलणार होत्या? दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं."

त्रिवार अभिनंदन! जवळपास तीन तास खपून दिग्दर्शकाने जे साधलं, ते तुम्ही पाच सेकंदांत धुऊन काढलंत.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. पैसे भरूनही जाहिराती दाखवता, चालायचंच. तीन भाग सलग पाहिले की 'तुम्ही अजून पाहताय का?' असं विचारता, तेही सोडून दिलं. त्या सुरात आमच्या घरी रोजच विचारलं जातं. पण शेवट?

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' घ्या. खटला लटकलेलाच राहतो, न्यायालयाला सुट्टी लागते, न्यायाधीश सहलीला जातात आणि बाकावर डुलकी काढतात. पोरं दंगा करून त्यांना उठवतात, ते हाताला लागेल त्या पोराच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. झाला न्याय! हे उमगायला अर्धं मिनिट लागतं, आणि नेमकं तेच अर्धं मिनिट तुम्ही वकिलांच्या थरारपटाला भाड्याने दिलंत. 'फँड्री'त जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. तो काळोख म्हणजे दगड लागल्याची खूण आहे हो! तुमच्या यंत्राला ती रिकामी जागा वाटली. 'द गॉडफादर'मध्ये नायकाची बायको के हिच्या तोंडावर दार बंद होतं, तर तुम्ही लगेच शेजारची खिडकी उघडून देता.

'शोले'चा शेवट १९७५ साली सेन्सॉरने बदलायला लावला. ठाकूरच्या हातून गब्बर मरायचा होता, ऐनवेळी पोलीस आले. तरी सेन्सॉरचे उपकारच म्हणायचे. बदललेला का होईना, शेवट बघू तरी दिला.

बरं, घाई करण्याजोगे चित्रपट नाहीत का? ढिगाने आहेत. 'ॲनिमल' ३ तास २१ मिनिटं चालतो. तेव्हा तुमचं बटण कुठे पेंड खात होतं? दुसऱ्याच तासाला 'पुढचा ५ सेकंदांत' झळकलं असतं, तर तुमच्या नावाने नारळ फोडला असता. 'पिंजरा'तल्या मास्तरांचं अधःपतनही मला जरा लांबलंय असंच वाटतं (मास्तर झालेल्या डॉ. लागूंच्या भक्तांनी क्षमा करावी), तिथे हात चालवला असतात तरी खपलं असतं. आणि 'अशी ही बनवाबनवी'ला तर काही करा. १९८८पासून तो कुठूनही लावला तरी सुरू होतो आणि कुठेही सोडला तरी अपुरा राहत नाही. तो तुमच्या हातूनही बिघडणार नाही.

पण श्रेयनामावली कापता, तेव्हा माझं डोकं फिरतं. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दिग्दर्शकाच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या जेवणापर्यंत राबल्या. घरच्या बाईचं काम, त्याचं नाव कोण घेतं? आज निदान दिवे उचलणाऱ्याचं, चहा आणणाऱ्याचं, कपडे इस्त्री करणाऱ्याचं नाव शेवटी का होईना येतं. त्याची आई गावाकडे टीव्हीसमोर चष्मा लावून बसली असेल. तिच्या पोराचं नाव तुम्ही मुंगीएवढं करून कोपऱ्यात ढकलता, आणि तेही संपू देत नाही. लाज वाटत नाही?

असो. तुमचाही इलाज नसेल. प्रेक्षक किती मिनिटं टिकला, याचा आकडा रोज सकाळी कुणीतरी तुमच्यापुढे आदळत असेल. सुन्न होऊन बसलेला माणूस त्या तक्त्यात 'गेला' असाच दिसत असणार. त्याला हलवून जागा केला नाही, तर तुमची बढती अडणार. शिवाय तुम्ही रात्री घरी जाऊन सिनेमा लावता तेव्हा तुमचंच यंत्र तुमच्याही अंगावर तो नवरदेव सोडत असेल. आणि एवढं राबून तुमचं नाव कुठल्याच नामावलीत नाही. असतं तर, शपथेवर सांगते, मी ते पूर्ण वाचलं असतं.

तुमचा मदत विभाग म्हणतो की हे सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं. केलं. पुढचा चित्रपट थांबला, पडदा मात्र अजून आकसतोच. त्यामुळे हल्ली चित्रपट संपत आला की मी रिमोट रोखून बसते. रडायचं की बटण दाबायचं, एका वेळी एकच जमतं.

आपली,
दरमहा न चुकता पैसे भरणारी एक प्रेक्षक