निःशुल्क अध्यापनार्थ परदेशगमन : भोपाळच्या निवृत्त शिक्षिकांसाठी मार्गदर्शिका

परदेशी जाऊन विनामोबदला शिकवू इच्छिणाऱ्या व्यक्तीने प्रारंभीच हे ध्यानात घ्यावे, की पगार मागणारा माणूस व्हिसा अधिकाऱ्याला कळतो, न मागणारा कळत नाही. येणारा किती कमावणार, कोणाचे काम हिरावणार आणि मुदत संपल्यावर परतणार की तिथेच ठाण मांडणार, या चिंतेतून व्हिसाचे बहुतेक वर्ग निर्माण झालेले असल्यामुळे, ज्याला यांपैकी काहीच साधायचे नाही त्याच्याविषयी कायद्याला अधिकच संशय यावा हे शास्त्राला धरूनच आहे.

प्रस्तुत विवेचनाचा विषय असलेली उमेदवार म्हणजे अरेरा कॉलनीत किंवा टी. टी. नगरात राहणारी, शाळेतून निवृत्त झालेली आणि मुलगी-जावई अमेरिकेत असलेली मराठी शिक्षिका होय. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आणि गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांच्या आश्रयाने सुटीच्या दिवशी मराठी शाळा भरतात, तेथे शिकवणारे बहुधा स्वयंसेवक असतात (स्वयंसेवक, म्हणजे ज्याला मानधन नसते, परंतु ज्याच्या गैरहजेरीची नोंद मात्र सर्वजण ठेवतात), आणि सहा महिन्यांसाठी येणारी अनुभवी आजी ही अशा शाळेला घरबसल्या लाभलेली ठेव असते. आजींना याची कल्पना बहुधा विमानात बसण्याच्या आठवडाभर आधी दिली जाते. वस्तुतः ती व्हिसाचा अर्ज भरण्यापूर्वी दिली जावी, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून असते.

पहिला अडथळा परराष्ट्राचा नसून स्वतःच्या कपाटातला असतो. मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले दुसरे नाव शिधापत्रिकेवर, आणि आधार कार्डावर हिंदी लिपिकाने ळ या अक्षराची हकालपट्टी करून ‘काळे’ यांचे केलेले ‘काले’, अशा तीन स्त्रिया एकाच स्त्रीच्या नावाने नांदत असतात. रोमन लिपीत काळे आणि काले सारखेच उतरतात, तेव्हा या एका बाबतीत इंग्रजीचे उपकार मानावेत. पदवीचे त्रांगडे निराळेच आहे. १९७० साली स्थापन झालेल्या भोपाळ विश्वविद्यालयाला १९८८ मध्ये बरकतउल्ला यांचे नाव देण्यात आले, त्यामुळे त्याआधी पदवी घेतलेल्या शिक्षिकेला आपण बुडालेल्या विद्यापीठाच्या पदवीधर नसून केवळ नाव बदललेल्या विद्यापीठाच्या आहोत, हे समजावून सांगावे लागते. लग्नात नाव बदललेल्या स्त्रीला यात नवल ते काय! पारपत्रात मात्र नावाचा आणि आडनावाचा असे दोन्ही रकाने भरलेले असावेत, अन्यथा अमेरिकी व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’, असे छापून येते आणि मराठी शाळेतली मुले पुढे त्याच नावाने हाक मारू लागण्याचा संभव असतो.

ज्यांचे नाव या विद्यापीठाला आहे ते भोपाळचे मौलाना बरकतउल्ला हे स्वतः परदेशात शिकवणारे गृहस्थ होते, ही गोष्ट पदवी दाखवताना विसरू नये, सांगूही नये. ते १९०९ पासून तोकियोत हिंदुस्तानी शिकवीत असत, १९१४ च्या सुमारास ब्रिटिशांच्या दबावामुळे त्यांची ती नोकरी गेली, आणि पुढच्याच वर्षी काबूलमध्ये स्थापन झालेल्या हंगामी भारत सरकारचे ते पंतप्रधान झाले, यावरून शिक्षकाला कामावरून काढण्याचे परिणाम कोठवर जातात याचा बोध संबंधितांनी घ्यावा. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांनी तर मेक्सिकोत शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालवल्या, आणि मायदेशी परतण्यासाठी त्यांना भारत स्वतंत्र होण्याची वाट पाहावी लागली. हे दोघेही १९२० च्या पारपत्र कायद्यापूर्वीच देशाबाहेर पडले होते, ही सवलत आता उपलब्ध नाही.

मध्य प्रदेश हा अमेरिकेच्या मुंबईतील वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत मोडत असल्याने, डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरून झाल्यावर पंजाब मेलने मुंबईस जावे. ही गाडी १९१२ पासून धावत असल्यामुळे तिला उमेदवारांच्या धाकधुकीची सवय आहे. बोटांचे ठसे आधी वेगळ्या केंद्रात घेतले जातात आणि मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात होते. तेथे पिशवी व मोबाइल आत नेता येत नसल्यामुळे दोन्ही हॉटेलवरच ठेवावेत. यजमानांना बाहेर उभे करून त्यांच्या हाती देणेही चालते, फक्त उन्हाची वेळ पाहावी.

खिडकीपाशी घडणारा प्रसंग हा या ग्रंथाचा गाभा आहे. १९५२ च्या अमेरिकी इमिग्रेशन कायद्यातील २१४(बी) या कलमानुसार प्रत्येक अर्जदार कायमचा राहायलाच निघाला आहे असे गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. सबब आयुष्यभर दुसऱ्यांची परीक्षा घेतलेल्या व्यक्तीस नापास समजूनच प्रश्नपत्रिका दिली जाते. मुलाखत मराठीतही देता येते, पण तशी दिल्यास समोरच्याचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्याचा मोह टाळावा. “तिथे काम करणार का?” या प्रश्नावर “छे, काम कसले, नुसते शिकवणार” असे उत्तर दिल्यास घात होतो. भेटीसाठीचा व्हिसा बहुधा बी-१/बी-२ असा जोड असतो आणि त्यातील बी-१ या भागात मान्यताप्राप्त धार्मिक वा धर्मादाय संस्थेच्या उपक्रमात, खर्चापोटीची रक्कम सोडल्यास काहीही न घेता, स्वयंसेवा करण्याची मुभा आहे. म्हणून मंडळ अमेरिकी करकायद्याच्या ५०१(सी)(३) या कलमाखाली धर्मादाय म्हणून नोंदलेले आहे, तास किती आणि वेतन शून्य, एवढे सांगणारे पत्र जवळ ठेवावे. मंडळाच्या चिटणीसांनी पत्रात घातलेली “मायमराठीची पताका” ही पाठवण्यापूर्वी उतरवून ठेवावी. अधिकारी पत्र पाहीलच असे नाही, परंतु विचारल्यास खरे तेच आणि दोन वाक्यांत सांगावे. दोन वाक्यांत सांगणे हेच शिक्षकास जड जाते.

मायदेशी परतण्याचा पुरावा म्हणून घर, ठेवी आणि नातवंडांची छायाचित्रे पुढे केली जातात. पैकी नातवंडे अमेरिकेत असल्यास ती मुळीच पुढे करू नयेत. निवृत्तिवेतनधारकाला दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो, आणि त्यासाठी बँकेत स्वतः जाऊन त्या ओळखीच्या लिपिकाला तोंड दाखवल्याशिवाय जिचा स्वतःच्या हयातीवर विश्वास बसत नाही, अशा शिक्षिकेला देशाशी घट्ट बांधणारी याहून बळकट गाठ प्रस्तुत अभ्यासात आढळली नाही.

व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तरी मुक्काम किती, हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो आणि आय-९४ या नोंदीत लिहितो. ती तारीख पाहून मगच गॅदरिंगची जबाबदारी घ्यावी. सामानात अंकलिपीच्या पाचांहून अधिक प्रती ठेवल्यास त्या विक्रीसाठी आहेत काय असे विचारले जाऊ शकते. मेतकूट खाद्यपदार्थ म्हणून घोषित करावे, आणि पाटीवरच्या पेन्सिलींची पेटी त्याच्या पुडीशेजारी ठेवू नये, कारण पिवळी पूड आणि पांढऱ्या कांड्या यांचा खुलासा एकाच वेळी द्यावा लागल्यास शनिवारचा पहिला तास बुडतो.