ग्लोबलशेठ

शेठना सकाळी चहाच्या आधी मनिलाची चौकशी लागते. सांगलीत सात वाजले की तिकडं साडेनऊ. म्हणजे ‘आपली पोरगी’ कामावर बसली असणार. ही पोरगी शेठनी आजवर पाहिलेली नाही. ती फिलिपाइन्समध्ये राहते, तासावर पैसे घेते आणि मसाल्यांच्या चौकशीला ईमेलनं उत्तरं देते. पण गणपती पेठेतल्या कट्ट्यावर शेठ ज्या थाटात तिच्याबद्दल बोलतात, त्यावरून नवख्याला वाटावं की यांची मनिलात पेढीच आहे.

“मनिलाला माणूस आहे आपला. ढाक्याला एक आहे. वेबसाइटचं सर्बियातला पोरगा बघतो.” एवढं बोलून शेठ तंबाखू मळायला घेतात. समोरच्याला भारावून जायला तेवढाच वेळ मिळतो.

धंदा पिढीजात आणि खरोखर चांगला. राजापुरी हळद, कांडलेलं तिखट, कांदा-लसूण मसाला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि शेठना जग दिसायला लागलं. त्यात पुण्याच्या भाच्यानं टिम फेरिसचं ‘द फोर-अवर वर्कवीक’ हातात ठेवलं. २००७ सालचं हे अमेरिकन पुस्तक. बारीकसारीक कामं बंगळुरूच्या माणसांवर सोपवा आणि आपण मोकळे व्हा, असं त्यात सांगितलंय. शेठनी ते वाचलं आणि थेट मनिला गाठलं. बंगळुरू का नको, असं विचारलं तर म्हणतात, “छे! ती माणसं आता आपल्याला परवडत नाहीत.” पुस्तकाप्रमाणे आठवडा चार तासांचा व्हायचा होता. सध्या शेठ रात्री एक वाजता सर्बियाशी बोलत बसतात, कारण तो पोरगा दिवसा कॉलेजात असतो.

गल्ल्यामागं गणपतीच्या तसबिरीखाली तीन घड्याळं लागलीत: मनिला, ढाका, बेलग्रेड. ढाका आपल्यापेक्षा जेमतेम अर्धा तास पुढं. त्याला वेगळं घड्याळ कशाला, हे विचारायची सोय नाही. बेलग्रेडचा काटा वर्षातनं दोनदा हलवावा लागतो. शेठ मार्चमध्ये तो हलवतात आणि ऑक्टोबरमध्ये विसरतात.

खरं तर ढाक्याचं काम झकास असतं. मसाल्याच्या पुडीचा फोटो इकडनं मागच्या पोत्यांसकट, मांजरासकट जातो आणि सकाळी पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर नुसती पुडी परत येते. दर फोटोला काही रुपयेच पडतात. पण शेठना सोन्याच्या भावातसुद्धा घासाघीस केल्याशिवाय खरेदी झाल्यासारखं वाटत नाही. हे काम ज्या साइटवरनं चालतं, त्या फायव्हरवर काम करणाऱ्याच्या कमाईतले वीस टक्के कंपनी कापून घेते, हे कळलं तेव्हा ते मनापासून हळहळले. “वीस टक्के अडत? आमच्या यार्डात कुणी मागून बघावी, लिलाव बंद पडेल!” हळहळून झाल्यावर त्यांनी ढाक्याच्या त्याच पोराला दहा डॉलरचे आठ करायला सांगितलं.

मनिलाच्या पोरीचं काम ज्या साइटवरनं चालतं, तिथं दर दहा मिनिटांनी तिच्या संगणकाचं चित्र आपोआप निघून मालकाला दिसतं. शेठ ही चित्रं संध्याकाळी मालिकेसारखी बघतात. एकदा चित्राच्या कोपऱ्यात राइस कुकरची जाहिरात दिसली, तर घरातल्यांना बोलावून दाखवली. दुकानातले दिवाणजी दुपारी दोन ते चार वहीवर डोकं ठेवून रीतसर घोरतात. त्यांचं चित्र काढायचं शेठना कधी सुचलेलं नाही.

सी.ए.नं ‘रिव्हर्स चार्ज’ हे शब्द उच्चारले, तेव्हा शेठना वाटलं, काहीतरी परत मिळणार. परदेशातनं धंद्यासाठी सेवा घेतली की तिच्यावरचा अठरा टक्के जीएसटी घेणाऱ्यानंच भरायचा असतो, हे समजल्यावर चहा तसाच राहिला. हा कर पुढं वजा मिळतो, असं सी.ए. सांगत होते, पण तोवर शेठ जिना उतरले होते.

आणि मग ते लेबल. तिखटाच्या नव्या पुडीवर ‘आजीच्या हातची चव’ दिसायला हवी होती. सर्बियातला पोरगा म्हणाला, लेबलंही करतो. पहिल्या खेपेला आजी आली ती डोक्याला रुमाल बांधलेली, गाल सफरचंदासारखे, मागं बर्फाचा डोंगर. आमच्याकडची आजी पाहिजे, असं कळवल्यावर त्याच आजीला टिकली लागली. तिसऱ्या खेपेला नथही आली, उजव्या नाकपुडीत. ठरलेल्या पैशात तीनच खेपा बसत होत्या. चौथीला जादा डॉलर पडणार म्हणून शेठना ती आजी एकदम आवडली. घरात लेबल दाखवल्यावर वहिनी म्हणाल्या, “अहो, हे ‘तखिट’ काय?” त्या पोराच्या संगणकात वेलांटी एक अक्षर पुढं सरकली होती. त्याला बिचाऱ्याला देवनागरी सगळी सारखीच. शेठ म्हणाले, “तू डिझाइन बघ.”

शेवटी कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्या पोरानं ‘भावी नगरसेवक’ बाजूला ठेवून अर्ध्या तासात वेलांटी जागेवर बसवली, आजीला निरोप दिला आणि उखळ-मुसळ काढून दिलं. लेबल देखणं झालं. पुड्या कऱ्हाडपर्यंत जातात. शेठ सगळ्यांना सांगतात, “सर्बियाचं डिझाइन आहे. थोडा हात फिरवला इथं.”

फ्लेक्सवाल्या पोरानं पाचशे मागितले होते, ठरले तीनशे. आता गंमत बघा. सर्बियात काम सुरू होण्याआधीच सगळे डॉलर साइटकडं जमा करावे लागतात आणि शेठ ते मुकाट करतात. वर पाच तारे देतात, इंग्रजीत आभार मानतात. फ्लेक्सवाल्याला मात्र “सोमवारी ये की,” एवढंच. दोन दुकानं सोडून बसणाऱ्या माणसाला आगाऊ पैसे देणं शेठच्या तत्त्वात बसत नाही.

ते तीनशे रुपये अजून यायचेत. पेठेतल्या पोरांना एवढंच सांगणं आहे: शेठनी काम आणलं तर नाही म्हणू नका, माणूस वाईट नाही. फक्त सर्बियावाल्यासारखे पैसे आधी ठेवून घ्या.