हे शेवटचंच!

तुमच्याही व्हॉट्सॲप ग्रुपात ते असणारच. आमच्या गोव्यातल्या मोरजीत त्यांना ‘भाई’ म्हणतात.

विषय पंचायतीच्या कचऱ्याचा असो की मोपाच्या विमानतळाचा, तिसऱ्या मेसेजला भाई 16 जानेवारी 1967 वर पोचतात. त्या दिवशी गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश ठेवायचा, यावर ओपिनियन पोल झाला. विलीनीकरणाच्या ‘फूल’ या निशाणीला 1,38,170 मतं, संघप्रदेशाच्या दोन पानांना 1,72,191. फरक 34,021. भाईंना स्वतःचा फोन नंबर आठवत नाही, हा आकडा आठवतो.

समोर मडगावचा एक निवृत्त बँकवाला. तो लिहितो, “वाचलो! नाहीतर आज रत्नागिरीचं शेपूट असतो.” की भाई चष्मा कपाळावर चढवून एका बोटानं टाइप करू लागतात : “हे शेवटचंच सांगतो. मग दोनच महिन्यांनी विलीनीकरण मागणारी मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) परत कशी निवडून आली?” पुढ्यातली पातळभाजी निवते, पाव वातड होतो. उत्तर येतं. “बरं, आता हे शेवटचंच!”

मडगावकर बदलेल अशी आशा भाईंना नाही. पण ग्रुपातली बाकीची मुकी मंडळी बघताहेत. गप्प बसलो तर म्हणतील, भाई हरले. तिकडे मडगावकरही याच धास्तीनं जागा. शेवटचा शब्द दोघांनाही हवा, आणि तो असतो एकच.

एकदा भाईंनी रागानं ग्रुप सोडला. ‘हे शेवटचंच’ लिहून. दुसऱ्या दिवशी ॲडमिनला फोन : “परत घे रे बाबा, एक मुद्दा राहिला.” वादाला निमित्तंही सरत नाहीत : पोलच्या आठवणीचा जानेवारीतला अस्मिताय दीस ओसरतो तोवर 4 फेब्रुवारीचा राजभाषा कायदा येतो, मग 30 मेचं घटकराज्य. पावसात जरा उसंत, तीही वीज जाते म्हणून.

गंमत म्हणजे पोलच्या वेळी मताला एकवीस वर्षं लागत. भाई तिसरीत होते, मडगावकर पाळण्यातून नुकता उतरलेला. मत दोघांनीही दिलेलं नाही.

तरी एक कबूल करायला हवं. आमच्या किनाऱ्यावर रशियन पाट्या लागल्या. भाईंच्या नातवाला फूल आणि दोन पानं इमोजी वाटतात. त्या वेळी घराघरांत काय पेटलं होतं, हे ज्याच्याशी बोलावं असा भाईंना तो मडगावकरच उरलाय. भांडायला का होईना, रोज हजर असतो.

मात्र पोलच्या दिवशी खरोखर मत दिलेली माणसं आता ऐंशीला टेकली आहेत. ती ग्रुपात नाहीत, ओसरीवर बसलेली आहेत. काही विचारायचं असेल तर आत्ताच जाऊन विचारा.