टर्मिनलराव तंजावरकर

तंजावरच्या मराठी घरांत पुरुषांच्या नावामागे ‘राव’ अजून टिकून आहे, तेव्हा तिथल्या टर्मिनलवेड्या जमातीला टर्मिनलराव म्हणायला हरकत नसावी. घरात मराठी, दारात तमिळ आणि पडद्यावर इंग्रजी अशी त्याची रोजची त्रिस्थळी यात्रा. नोकरी बेंगळुरूच्या कंपनीत, बैठक मात्र राजवाड्यामागच्या गल्लीतल्या वडिलोपार्जित माडीवर. कंपनीचे काम आटोपले, फिल्टर कॉफीचा डबरा रिकामा झाला, की हा आपले खरे काम काढतो: एका टर्मिनल इम्युलेटरचा सोर्स कोड. ज्या काळ्या खिडकीत हुकूम टंकून द्यावे लागतात ती खिडकी लाखो लोक वापरतात आणि विसरून जातात. टर्मिनलरावाला ती दुरुस्त करायची असते. मोबदला शून्य. कीर्ती म्हणजे चेंजलॉगमधली एक ओळ, तीही बहुधा नावाच्या स्पेलिंगची वाट लावून छापलेली. घरच्यांची समजूत अशी, की मुलगा एकतर बँक लुटतोय, नाहीतर त्याची नोकरी गेली आहे. स्थळ घेऊन आलेल्यांना ‘सॉफ्टवेअरमध्ये असतो’ एवढेच सांगतात. बाकीचे लग्नानंतर कळेलच.

त्याला नव्या युगाचा माणूस समजण्यात मात्र सगळ्यांचीच फसगत होते. टर्मिनलराव हा मुळात दफ्तरदार आहे, आणि त्याची पारख करायची तर दफ्तरदाराच्याच मापाने करावी लागते. इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल; मूळ यंत्र कोणते ते पाहा. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 1978 मध्ये व्हीटी-100 नावाचे यंत्र काढले: जाडजूड डबा, 80 रकाने, 24 ओळी. ते यंत्र आता संग्रहालयात गेले, कंपनी 1998 मध्ये कॉम्पॅकने गिळली आणि पुढे कॉम्पॅकलाही दुसऱ्या कोणी गिळले. तरी आजही एखादा प्रोग्राम एस्केप, चौकटी कंस आणि ‘सी’ एवढेच पाठवून ‘आपण कोण?’ असे विचारतो, तेव्हा ग्राफिक्स कार्डावर धावणारा चकचकीत इम्युलेटर निमूटपणे आपले कुळ त्याच व्हीटी घराण्यातले सांगतो. तंजावरला यात नवल वाटू नये. 1799 च्या तहानंतर इथले मराठे राजे सर्फोजी यांच्या हाती किल्ला आणि आसपासचा मुलूख उरला, कारभार इंग्रजांच्या कंपनी सरकारकडे गेला. तरी दरबार भरत राहिला, मोडीत दफ्तर लिहिले जात राहिले, थेट 1855 मध्ये गादीला पुरुष वारस उरला नाही तोपर्यंत. छप्पन्न वर्षे राज्याचे इम्युलेशन चालवलेले हे गाव आहे. याला हिणवणे समजू नये. त्याच बिनसत्तेच्या काळात सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह फुलला आणि 1805 च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना निघाला. मूळ वस्तू गेली तरी तिचे शिरस्ते सांभाळणारा माणूस पुष्कळदा मूळ मालकापेक्षा कामाचा निघतो.

आता हा माणूस ‘बग काढतो’ म्हणजे नेमके काय करतो? व्हीटी-100 वर ऐंशीव्या रकान्यात अक्षर पडले की कर्सर खालच्या ओळीवर जात नसे. तो तिथेच घुटमळायचा, एक्क्याऐंशीवे अक्षर खरोखर आले तरच खाली उतरायचा. शहाण्या माणसाला हा दोष वाटतो. म्हणून नवा इम्युलेटर लिहिणारा शहाणा तो दुरुस्त करतो, आणि लगेच चाळीस वर्षांपूर्वीचे प्रोग्राम मधेच कोऱ्या ओळी सोडू लागतात. मग टर्मिनलराव अवतरतो, शहाण्याची दुरुस्ती रद्द करतो, जुना दोष होता तस्सा परत बसवतो आणि पॅचवर लिहितो, ‘बग दुरुस्त’. यात ढोंग नाही. ज्या वागणुकीवर हजार प्रोग्राम विसंबले आहेत ती वागणूक करारासारखी असते, मग ती मुळात कोणाच्या डुलकीतून का जन्मली असेना. ऐंशी रकान्यांचेच घ्या: आयबीएमच्या 1928 सालच्या छिद्रपत्रिकेत 80 रकाने होते, म्हणून पुढे पडद्यावरही तेवढेच आले. असल्या वारशाची तपासणी करायला व्हीटीटेस्ट नावाचा एक प्रोग्राम 1983 पासून आहे. टर्मिनलराव तो एखाद्या व्रतासारखा चालवतो आणि एखादी चौकट एका रकान्याने सरकलेली दिसली तर त्याला त्या रात्री झोप लागत नाही.

इथवर त्याची थट्टा परवडते. पण देवनागरीच्या बाबतीत तो म्हणतो ते ऐकून घ्यावे लागते. टर्मिनल म्हणजे आखलेल्या चौकोनांचा कागद. एका चौकोनात एक अक्षर, हा इंग्रजीचा हिशेब. त्यात ‘किल्ला’ टंका. अक्षरांच्या रुंदीच्या प्रचलित कोष्टकाप्रमाणे ‘क’ला एक चौकोन, वेलांटीला स्वतंत्र एक, पहिल्या ‘ल’ला एक, पायमोडक्या चिन्हाला शून्य, दुसऱ्या ‘ल’ला एक, कान्याला एक: एकूण पाच. इम्युलेटर प्रत्येक चौकोन सुटा रंगवणारा असेल तर आधी ‘क’ येतो, त्याच्या मागून ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली वेलांटी येते, मग पाय मोडलेला ‘ल’, धडधाकट ‘ल’ आणि शेवटी तसाच वर्तुळाला लटकलेला काना. किल्ल्याला खिंडार पडल्यासारखे दिसते. बरे, अक्षरे नीट जुळवून रंगवली, तर ती चारच चौकोनांत मावतात आणि कर्सर एक घर पुढे रिकाम्या जागेत लुकलुकत राहतो. बॅकस्पेस दाबली की भलतेच काहीतरी खोडले जाते. दोष कोणाचा? पंगतीत आचारी माणसे मोजतो, वाढपी पाने मोजतो, दोघांचाही हिशेब आपापल्या परीने बरोबर असतो आणि शेवटी भात कमी पडतो. संपादक प्रोग्राम आपल्या कोष्टकाने रुंदी मोजतो, इम्युलेटर आपल्या. एकमेकांना विचारायची पद्धतच नाही.

हा प्रश्न नवा नाही आणि त्याला हात घालणारे पहिले लोक आपलेच होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान 1988 मध्ये पुण्याच्या सी-डॅककडे आले. संगणकात एक कार्ड खोचले की डॉसच्या अक्षरी पडद्यावर भारतीय लिप्या उमटायच्या. 1991 मध्ये इस्की हे सांकेतिक मानकही ठरले. मग खिडक्याखिडक्यांचे विंडोज आले, सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले आणि काळ्या पडद्यावरची देवनागरी होती तिथेच अडकली. भारतीय लिप्यांची त्यातल्या त्यात कदर करणारा एमएलटर्म हा इम्युलेटर जपानी मंडळींनी लिहिला, ही गोष्ट पुणेकरांनी ऐकून न ऐकल्यासारखी करावी.

यावर आक्षेप ठरलेला आहे: टर्मिनलमध्ये मराठी लिहितो कोण? त्यातून तंजावरात, जिथे घरात मराठी बोलणाऱ्या कितीतरी माणसांना देवनागरीपेक्षा तमिळ लिपी सोपी वाटते? आक्षेप अर्धा खरा आहे. पण तमिळने सुटका होत नाही. तमिळमध्ये ‘को’ लिहिताना स्वरचिन्हाचा एक तुकडा अक्षराच्या डावीकडे बसतो, दुसरा उजवीकडे. चौकोनवाल्याची पंचाईत तीच. शिवाय सरस्वती महालात मोडी दफ्तरांचे ढीग आहेत, मोडी 2014 मध्ये युनिकोडच्या 7.0 आवृत्तीत आली आहे, आणि हजारो पानांच्या लिप्यंतरात एखादे गाव किंवा हुद्दा शोधायचा तर ग्रेपसारखे फुकट आणि चपळ हत्यार दुसरे नाही. शोधलेली ओळ पडद्यावर कुबड काढून येते म्हणून अभ्यासक ते हत्यार टाकतो, आणि अभ्यासक वापरत नाहीत म्हणून कोणी दुरुस्त करत नाही. या चक्रात कंपन्यांना पैसा दिसत नाही. तिथे ज्याला स्वतःच्या झोपेची किंमत नाही असाच माणूस लागतो.

या दुर्लक्षातून थोडी सुटका झाली ती कोणामुळे? माझ्या मते, इमोजींमुळे. युनिकोडमध्ये झेडडब्ल्यूजे नावाचे एक अदृश्य जोडचिन्ह आहे. ‘दऱ्या’तला डोळ्याच्या पापणीसारखा ‘र’ लिहायला मराठीत ते वापरले जाई. त्याच चिन्हाने पुढे आई, बाप आणि दोन पोरे जोडून एक कुटुंब-इमोजी बनवतात. मराठीतला ‘र’ तुटत होता तोवर सगळे शांत होते. अमेरिकेतले कुटुंब चार सुट्या चित्रांत विखुरले तेव्हा धावपळ झाली. अनेक संकेत मिळून एक अक्षर मानायचे, ही कल्पना मग इम्युलेटरवाल्यांना पटू लागली. 2023 च्या युनिकोड 15.1 ने देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियमही आणला, पण तो लागू असलेल्या लिप्यांच्या यादीत तमिळ नाही. परिणामी घरातल्या मराठी लक्ष्मीचा ‘क्ष’ अखंड आणि शेजारच्या तमिळ लक्ष्मीचा दुभंग. टर्मिनलरावाला हे दोन्ही घरांना समजावून सांगता येत नाही, म्हणून तो आणखी एक पॅच लिहितो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: हे सगळे मान्य, पण हा माणूस निम्मा वेळ मिरवण्यात घालवतो. पारदर्शक पार्श्वभूमी, शेपूट काढत पळणारा कर्सर, अक्षरांच्या कडेला निऑनची झाक. या आरोपावर त्याच्या वतीने फारसे बोलता येत नाही. वर्षभर सजवलेल्या टर्मिनलात तो शेवटी फायलींची यादीच पाहतो. मात्र त्याच्या ‘नव्या सोयीं’ची वंशावळ काढली तर गंमत होते. टर्मिनलात चित्रे दाखवण्याची जी सोय त्याने अभिमानाने जोडली, ती सिक्सेल पद्धत 1980 च्या दशकात डिजिटलच्याच प्रिंटरांत आणि टर्मिनलांत होती. म्हणजे मिरवतानाही त्याने दफ्तरातलाच जुना रुमाल सोडला.

त्याचा इम्युलेटर सांभाळणारी परदेशी मंडळी हल्ली प्रत्येक पॅचसोबत चाचणीचा मजकूर मागतात. आमची सूचना अशी, की त्याने 1803 मध्ये सर्फोजीराजांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरवून घेतलेला भोसल्यांच्या वंशाचा लेख द्यावा. देवनागरी आहे, मराठी आहे आणि जोडाक्षरांना तोटा नाही. एवढी मोठी फाइल नको म्हणून ती मंडळी नक्की परत पाठवतील. आणि टर्मिनलराव तेवढ्यात स्क्रोलबॅकची मर्यादा वाढवणारा दुसरा पॅच लिहायला बसलेला असेल.